स्फटिक वाढतो कसा? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

१८५६ साली बोरघाटात सुरुंगांचे आवाज घुमू लागले. मुंबई आणि पुणे लोहमार्गाने जोडायचे, तर सह्याद्रीचा कडा फोडणे भाग होते. पुढील सात वर्षे हजारो मजूर त्या काळ्या कातळाशी झुंजत राहिले. २५ बोगदे खोदले गेले. पटकी आणि अपघात यांनी मजुरांच्या वस्त्या उजाड केल्या. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये येथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याचे अर्धवट काम त्याची पत्नी ॲलिस हिने पुढे चालविले. १८६३ मध्ये घाटातून गाडी धावू लागली.

लोहमार्गाची ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. तिच्या पोटात दडलेली दुसरी कथा मात्र फारशी सांगितली जात नाही. सुरुंगाने कातळ दुभंगला, की मधूनच एखादी पोकळी उघडी पडे. बाहेरून ओबडधोबड आणि काळाठिक्कर असलेला तो दगड आतून झगमगत असे. पोकळीच्या भिंतींवर पाण्यासारखे पारदर्शक, टोकाशी निमुळते होत गेलेले चौकोनी स्तंभ उभे असत. कोठे मोतिया झळाळीच्या, गव्हाच्या पेंढ्या बांधून ठेवाव्यात तशा जुड्या असत, तर कोठे सुईहून बारीक अशा शुभ्र काड्यांचे झुबके. अपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट ही त्यांची शास्त्रीय नावे. त्यांतील अनेक नमुने समुद्र ओलांडून विलायतेच्या संग्रहालयांत गेले आणि 'पूना' एवढीच चिठ्ठी लावून तेथील कपाटांत विसावले.

त्या पोकळीत कोणाचीही छिन्नी पोहोचलेली नव्हती. तेथे कधी उजेडही शिरला नव्हता. मग हे आरशासारखे सपाट पैलू आणि सुरीने कापल्यासारख्या कडा पाडल्या कोणी? निर्जीव दगडाला भूमिती शिकवली कोणी? या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळायला १९५१ साल उजाडावे लागले. त्या उत्तरातील एक मोलाचा पुरावा एका भारतीयाने मिळविला होता.

*

माणसाने स्फटिकांचे आकार फार पूर्वीच टिपले होते. आपल्याकडील प्राचीन रत्नशास्त्र उत्तम हिऱ्याची लक्षणे सांगताना त्याला ६ कोटी म्हणजे टोके, ८ पार्श्वे आणि १२ धारा असाव्यात, असे सांगते. दोन चौरस मनोरे तळाशी तळ लावून जोडावेत आणि मग मोजावे: टोके ६, बाजू ८, कडा १२. भूमितीत ज्याला अष्टफलक म्हणतात, तो हाच आकार. विशेष म्हणजे हे गुण 'आकरज', म्हणजे खाणीतूनच आलेले मानले होते. पैलू पाडणाऱ्या कारागिराचे श्रेय त्यात नव्हते. त्या अनामिक रत्नपारख्याने हिऱ्याचे निरीक्षण किती बारकाईने केले होते, हे एवढ्या तीन आकड्यांवरून कळते.

चीनमध्ये इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात हान यिंग याने नोंदविले होते, की झाडांच्या फुलांना बहुधा पाच पाकळ्या असतात, बर्फाच्या फुलांना मात्र नेहमी सहा.

युरोपात मात्र एक भलतीच समजूत पक्की होऊन बसली. ग्रीक भाषेत 'क्रुस्टालोस' म्हणजे बर्फ. आल्प्स पर्वतात सापडणारी पारदर्शक गारगोटी हा अतितीव्र थंडीने कायमचा गोठलेला, पुन्हा कधीही न वितळणारा बर्फ आहे, असे रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात लिहून ठेवले. इंग्रजीतील 'क्रिस्टल' हा शब्द आजही त्या गैरसमजाचे ओझे वाहतो आहे. प्लिनीचे लिहिणे सोळाशे वर्षे प्रमाण मानले गेले. चुकीच्या कल्पनेला जुन्या ग्रंथाचा आधार मिळाला, की ती खरोखरच 'न वितळणारा बर्फ' होते.

*

१६११ च्या आरंभी प्राग शहरात सम्राट रुडॉल्फचा राजगणिती योहानेस केप्लर आर्थिक विवंचनेत होता. मित्राला नववर्षाची भेट द्यायची होती आणि खिशात काही नव्हते. पूल ओलांडताना त्याच्या अंगरख्यावर हिमकण पडले. प्रत्येक कण सहा कोनांचा. केप्लरला भेट सापडली! 'काहीच नाही' एवढ्या मोलाची वस्तू म्हणून त्याने मित्रापुढे हिमकण ठेवला आणि त्यावर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यात शब्दांचा एक खेळही होता: लॅटिनमध्ये 'निक्स' म्हणजे हिम आणि बोली जर्मनमध्ये 'निक्स' म्हणजे काहीच नाही.

ग्रहांच्या कक्षा मांडणाऱ्या या माणसाने पुस्तिकेत विचारलेला प्रश्न साधा होता. सहाच का? पाच किंवा सात का नाहीत? उत्तर शोधताना तो तोफेच्या गोळ्यांच्या राशीकडे, डाळिंबाच्या दाण्यांकडे आणि मधमाश्यांच्या पोळ्याकडे वळला. सारख्या आकाराचे गोळे दाटीने रचले, तर प्रत्येकाभोवती सहा गोळे आपोआप बसतात. म्हणजे पदार्थ अतिसूक्ष्म कणांचा बनलेला असेल, तर कणांच्या रचनेतूनच बाहेरचा आकार घडत असावा. अणूंची कल्पना अजून तत्त्वज्ञांच्या वादापुरतीच होती, तेव्हाचा हा तर्क आहे. केप्लरने अखेरीस प्रश्न सोडवल्याचा दावा केला नाही. पुढचे काम त्याने रसायन जाणणाऱ्यांवर सोपविले.

*

स्फटिक 'वाढतो' हे मात्र ठामपणे मांडले ते निकोलस स्टेनो याने, आणि येथे थोडे थांबायला हवे. स्टेनो मूळचा कोपनहेगनचा, पेशाने शरीरशास्त्रज्ञ. १६६६ मध्ये इटलीच्या किनाऱ्यावर एक प्रचंड शार्क मासा पकडला गेला आणि त्याचे मस्तक विच्छेदनासाठी फ्लॉरेन्समध्ये स्टेनोकडे आले. त्या माशाचे दात पाहून तो चमकला. डोंगरांतील खडकांत सापडणारे, लोक ज्यांना 'जिभेचे दगड' म्हणत, ते दगड हुबेहूब असेच होते. मग घन खडकाच्या आत दुसरी घन वस्तू गेली कशी? या एका प्रश्नाने शरीरशास्त्रज्ञाचा भूशास्त्रज्ञ केला.

१६६९ मध्ये त्याने एक लहानसा प्रबंध प्रसिद्ध केला. भूस्तर एकावर एक कसे साचतात, हा त्याचा विचार भूशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. त्याच प्रबंधात गारगोटीच्या स्फटिकांवरही काही पाने आहेत, आणि त्यांत तीन गोष्टी आहेत.

एक, अतिशीत थंडीने बर्फाची गारगोटी होते, ही समजूत त्याने नाकारली.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती. वनस्पती अन्न आत ओढून घेते आणि आतून वाढते. खाणीतले दगडही मुळे रोवून असेच वाढतात, असे तेव्हा अनेकांना वाटे. स्टेनो म्हणाला, स्फटिक बाहेरून वाढतो. भोवतीच्या द्रवातील सूक्ष्म कण त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात आणि थरावर थर चढत जातात. सर्व पैलूंवर हे कण सारख्या वेगाने बसत नाहीत, म्हणून एखादा पैलू मोठा होतो आणि एखादा आखूड राहतो.

तिसरी गोष्ट तर त्याने जवळजवळ जाता जाता, आकृत्यांच्या स्पष्टीकरणात सांगितली. गारगोटीचे आडवे छेद त्याने काढून दाखविले होते. कोणाच्या बाजू लांब, कोणाच्या आखूड, पण कोन मात्र बदलत नाहीत. या एका वाक्यावर पुढे स्फटिकशास्त्राची इमारत उभी राहिली. तो प्रबंध म्हणजे नियोजित मोठ्या ग्रंथाची केवळ प्रस्तावना होती. तो ग्रंथ कधी लिहिलाच गेला नाही. स्टेनो धर्मोपदेशक झाला, बिशप झाला आणि १६८६ मध्ये विज्ञानापासून दूर, अत्यंत विरक्त अवस्थेत मरण पावला.

*

स्टेनोचे सूत्र शंभर वर्षे तसेच पडून राहिले. १७८३ मध्ये फ्रान्सच्या रोमे द लील याने शेकडो स्फटिकांचे कोन मोजून ते सिद्ध केले. त्याचा मदतनीस कारांजो याने त्यासाठी कोन मोजण्याचे साधे उपकरणच घडविले होते. त्याच सुमारास पॅरिसमध्ये एका विणकराचा मुलगा, पाद्री रने-जुस्त आयुई याच्या हातून कॅल्साइटचा एक सुंदर नमुना खाली पडून फुटला, अशी कथा आहे. तुकडे उचलताना त्याच्या ध्यानात आले, की मूळ स्फटिक कोणत्याही आकाराचा असो, कॅल्साइटचे तुकडे नेहमी एकाच तिरकस ठोकळ्याच्या आकारात फुटतात. तुकड्याचा तुकडा केला तरी तोच ठोकळा. १७८४ मध्ये त्याने मांडले, की स्फटिक म्हणजे एकसारख्या अतिसूक्ष्म विटांचे बांधकाम. विटांच्या ओळी पायरीपायरीने मागे घेत गेले, की चौकोनी विटांतूनही तिरके पैलू उभे राहतात. पायऱ्या इतक्या बारीक, की डोळ्याला त्या गुळगुळीत भिंतीसारख्या दिसतात.

राज्यक्रांतीच्या धामधुमीत, १७९२ मध्ये, हा निरुपद्रवी पाद्री तुरुंगात पडला. तरुण निसर्गशास्त्रज्ञ ज्योफ्रॉय सेंट-हिलेर याने धावपळ करून त्याची सुटका करविली. त्यानंतर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, पॅरिसच्या तुरुंगांत कैद्यांची कत्तल झाली.

आयुईच्या विटा खऱ्या आहेत का, याचा निकाल १९१२ मध्ये म्युनिकला लागला. माक्स फॉन लावे याच्या सूचनेवरून फ्रीडरिश आणि निपिंग या दोघांनी मोरचुदाच्या स्फटिकातून क्ष-किरण सोडले आणि छायाचित्रपटलावर ठिपक्यांची नक्षी उमटली. कणांची नियमित जाळी आत खरोखरच होती. पाठोपाठ ब्रॅग पिता-पुत्रांनी त्या नक्षीवरून अणूंच्या जागा वाचण्याची रीत घालून दिली. १९१५ चे नोबेल मिळाले, तेव्हा मुलगा लॉरेन्स २५ वर्षांचा होता.

येथे बहुतेक इतिहास थांबतात. रचना कळली, प्रश्न सुटला. पण बोरघाटातल्या पोकळीचा प्रश्न रचनेचा नव्हता. इमारतीचा नकाशा हाती आला होता. ती इमारत बांधली कशी जाते, हे अजून कोणालाच नीट सांगता येत नव्हते.

*

बांधकामाचा आरंभ समजण्यासाठी स्वयंपाकघरात डोकवावे. तूप कढवून चटकन गार केले, तर ते लोण्यासारखे मऊ थिजते. सावकाश निवू दिले, तर ते रवा धरते. साखरेचा दाट पाक निवत असताना त्यात दोरा सोडून ठेवला, तर त्या दोऱ्यावर खडीसाखर बसते. 'रवाळ', 'रवा धरणे' हे शब्द ज्या भाषेत पिढ्यानपिढ्या आहेत, तिला स्फटिकीभवन परके नाही. साखरेचे घट्ट खडे करण्याची विद्याही याच भूमीतून पश्चिमेकडे गेली. 'शर्करा' आणि 'खंड' या शब्दांनीच युरोपला 'शुगर' आणि 'कँडी' दिली.

गरम पाण्यात साखर अधिक विरघळते. पाणी निवू लागले, की त्याला ती सारी पेलवत नाही. अशा वेळी पाणी 'अतिसंपृक्त' झाले असे म्हणतात: त्यात मावते त्याहून जास्त साखर असते, पण ती लगेच बाहेर पडत नाही. का? कारण पहिला कण जन्माला येणेच अवघड असते. काही रेणू योगायोगाने एकत्र येतात, पण त्या इवल्या पुंजक्याचा बहुतेक भाग म्हणजे पृष्ठभागच असतो आणि पृष्ठभागावरच्या रेणूला एका बाजूने शेजारी नसतात. तो पुन्हा द्रावणात निसटतो. पुंजका विशिष्ट आकारापर्यंत तगला, तरच पुढे वाढतो. तोवर जितके जमतात तितके विखुरतात. दोरा, धुळीचा कण, भांड्याच्या तळाचा चरा, किंवा त्याच पदार्थाचा आधीचा एखादा रवा ही जन्माची अडचण दूर करतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गचा रसायनज्ञ टोबियास लोविट्झ याने असे 'बीज' टाकून द्रावणातून स्फटिक मिळविण्याची पद्धत अभ्यासली होती.

सह्याद्रीच्या कातळात हेच घडले, फक्त प्रचंड सावकाश. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थर पसरले. थिजणाऱ्या लाव्ह्यातील वायूंचे बुडबुडे आतच अडकले आणि त्यांच्या पोकळ्या झाल्या. नंतरच्या काळात खडकांतून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्या खडकातलेच सिलिका, कॅल्शियम, सोडियम, ॲल्युमिनियम विरघळवून या पोकळ्यांत आणले. वाढायला मोकळी जागा होती आणि घाई नव्हती. पाषाण येथील हिरवट अपोफिलाइट आणि वाघोलीच्या खाणींतील गर्द निळे कॅव्हॅन्साइट आज जगभरचे संग्राहक शोधत असतात, त्याचे मूळ या सावकाशीत आहे. रस्त्याच्या खडीसाठी फोडल्या जाणाऱ्या दगडात ही रत्ने निघतात आणि किती तरी खडी होऊन रस्त्याखालीही जातात.

*

जन्म झाला, आता वाढ. येथेच विसाव्या शतकातील पदार्थविज्ञान अडखळले.

एक पूर्ण सपाट पैलू डोळ्यांपुढे आणावा. फरशी बसविण्याचे काम अर्धवट राहिले आहे असे समजू. नवी फरशी अर्धवट ओळीच्या टोकाला ठेवली, तर तिला खालून, मागून आणि बाजूने असा आधार मिळतो. ती पक्की बसते. म्हणून एकदा सुरू झालेला थर भराभर पुरा होतो. जर्मनीत कॉसेल आणि बल्गेरियाचा स्त्रान्स्की यांनी १९२७-२८ मध्ये हे गणिताने दाखविले होते. पण थर पुरा झाला, शेवटची फरशी बसली, की पुन्हा सपाट मैदान. आता पुढचा रेणू बसणार कोठे? त्याला फक्त खालचा आधार. तो क्षणभर टेकतो आणि निघून जातो. नव्या थरासाठी पुष्कळ रेणूंचे एक बेट एकाच वेळी जमले पाहिजे, म्हणजे जन्माचीच अडचण प्रत्येक थरावर पुन्हा उभी. अमेरिकेतील विलार्ड गिब्ज याला १८७० च्या दशकातच याची चाहूल लागली होती. आपल्या अवाढव्य निबंधातील एका तळटीपेत त्याने ती नोंदविली.

गणित मांडले, तेव्हा ही अडचण ओलांडायला अतिसंपृक्तता २५ ते ५० टक्के तरी हवी, असे उत्तर निघाले. उलट, बर्लिनच्या फॉल्मर आणि शुल्झे यांनी १९३१ मध्ये आयोडिनच्या वाफेत स्फटिक वाढवून पाहिले होते. तेथे अतिसंपृक्तता एक टक्का असतानाही स्फटिक खुशाल वाढत होते. सिद्धान्त सांगतो तो वेग आणि प्रत्यक्षातला वेग यांतील तफावत लिहायची, तर एकावर शेकडो शून्ये द्यावी लागली असती. विज्ञानात अशी तफावत क्वचितच भेटते. सिद्धान्ताप्रमाणे बोरघाटातले ते स्फटिक अस्तित्वातच असायला नको होते!

*

हे कोडे चार्ल्स फ्रँक नावाच्या माणसाच्या हाती आले. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटनच्या वैज्ञानिक गुप्तवार्ता विभागात होता. विमानातून घेतलेल्या छायाचित्रांतील पुसट खुणा वाचणे, हे त्याच्या कामांपैकी एक. फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्रूनेव्हाल येथे अशाच एका चित्रातील बारीक ठिपका त्याने हेरला. तो जर्मन रडार निघाला आणि फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांनी छापा घालून त्याचे सुटे भाग उचलून आणले. युद्ध संपल्यावर फ्रँक ब्रिस्टल विद्यापीठात आला. स्फटिकांच्या वाढीवर व्याख्याने देण्यासाठी तो फॉल्मरचा ग्रंथ वाचू लागला आणि ही अशक्य तफावत त्याच्या डोळ्यांत खुपली. बर्टन आणि स्पेनमधील यादवीनंतर मायदेशाला पारखा झालेला निकोलास काब्रेरा हे त्याचे सहकारी तेच आकडे पुन्हा मांडत होते.

फ्रँकचे उत्तर असे होते: सगळ्यांनी स्फटिक निर्दोष धरला, तेथेच चूक झाली. खऱ्या स्फटिकात दोष असतात. अणूंच्या रांगा कोठे तरी सरकलेल्या असतात, हे १९३४ पासून धातूंच्या अभ्यासकांना माहीत होते. त्यांपैकी एक दोष मळसूत्रासारखा असतो. कागदाच्या गठ्ठ्याला मध्यापर्यंत चीर देऊन तिची एक बाजू एका कागदाच्या जाडीएवढी वर सरकविली, तर सारे कागद मिळून एकच अखंड, वर चढत जाणारा मळसूत्री जिना तयार होतो. अशा स्फटिकाच्या पृष्ठभागावर एक पायरी कायमच उघडी असते. रेणू त्या पायरीशी येऊन बसतात, पायरी पुढे सरकते. पण तिचे एक टोक दोषाच्या अक्षाला खिळलेले असल्याने ती गोल फिरते आणि वर चढते. थर कधी पुरा होतच नाही, म्हणून नवा थर सुरू करण्याची गरजच उरत नाही. स्फटिक वाढतो तो त्याच्यातील व्यंगामुळे.

१९४९ मध्ये ब्रिस्टलला फॅरडे सोसायटीच्या स्फटिकवाढीवरील परिषदेत ही कल्पना मांडली गेली. ती खरी असेल, तर पैलूंवर चक्राकार पायऱ्या दिसायला हव्यात, आणि त्यांची उंची रेणूंच्या थराएवढी असायला हवी. इतके बारीक कोण पाहणार? योगायोग असा, की लंडनजवळच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयात टोलान्स्की या प्राध्यापकाकडे नेमकी तीच साधने होती. पृष्ठभागावर चांदीचा पातळ थर चढवून, प्रकाशलहरींच्या साहाय्याने अतिसूक्ष्म उंची मोजण्यात त्यांचा हातखंडा होता. तेथील ग्रिफिन याने घेतलेल्या बेरिलच्या छायाचित्रांत सर्पिल दिसले.

याच प्रयोगशाळेत अजित राम वर्मा हा भारतीय तरुण काम करीत होता. त्याने कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडचे स्फटिक निवडले. धार लावण्याच्या दगडासाठी कारखान्यांत तयार होणारा हा अत्यंत कठीण पदार्थ. त्याच्या पैलूंवर वर्मा यांना जे दिसले, ते १९५१ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले: एकाभोवती एक फिरत, मध्याकडे चढत जाणारी रेखीव सर्पिले, रांगोळीच्या ठिपक्यातून रेघ फिरत जावी तशी. पायऱ्यांची उंची मोजली, तर ती स्फटिकाच्या मूळ रचनेच्या एका घटकाएवढी भरली. सर्वांत प्रचलित प्रकारात ती १५ अँगस्ट्रॉम, म्हणजे मिलिमीटरचा जवळजवळ सात लाखावा भाग. ज्या दोषाची फ्रँकने कागदावर कल्पना केली, तो छायाचित्रात उतरला होता. त्याच वर्षी बर्टन, काब्रेरा आणि फ्रँक यांचा सविस्तर निबंध आला. स्फटिकवाढीचे गणित आजही तेथूनच सुरू होते. १९५३ मध्ये वर्मा यांचे या विषयावरील पुस्तक लंडनहून निघाले. पुढे मायदेशी परतून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. शालेय पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव सहसा आढळत नाही.

*

निसर्ग दोषाच्या आधाराने स्फटिक वाढवितो, हे कळले त्याच दशकात माणसाला मात्र संपूर्ण निर्दोष स्फटिक हवा झाला. कारण होते ट्रान्झिस्टर. आणि त्यासाठी लागणारी युक्ती तीन दशके आधीच सापडलेली होती.

१९१६ मध्ये बर्लिनच्या एका विद्युत-उद्योगात काम करणारा पोलिश धातुशास्त्रज्ञ यान चोख्राल्स्की टिपणे लिहीत बसला होता. शेजारी वितळलेल्या कथिलाची मूस निवत ठेवलेली होती. असे सांगतात, की विचारांच्या नादात त्याने टाक दौतीऐवजी कथिलात बुडविला. बाहेर काढला, तर निबेच्या टोकाला कथिलाचा बारीक तंतू लोंबत होता. दुसरा कोणी असता तर निब पुसून टाकता. याने तंतू तपासला आणि तो अखंड एकच स्फटिक असल्याचे पाहिले. त्यातून रीत निघाली: वितळलेल्या पदार्थाला बीज टेकवायचे आणि हळूहळू वर ओढायचे.

युद्धानंतर अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत टील आणि लिटल यांनी याच रीतीने जर्मेनियमचे मोठे अखंड स्फटिक ओढले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस डॅश याने सिलिकॉनसाठी तिच्यात एक सोपी, पण विलक्षण सुधारणा केली. आरंभी स्फटिकाची मान अगदी बारीक ठेवायची. बीजातले दोष तिरके सरकत त्या मानेच्या कडेला जाऊन संपतात. त्यानंतर जाड होत जाणारा स्फटिक निर्दोष असतो. आज ३०० मिलिमीटर व्यासाचे सिलिकॉनचे दंडगोल असेच ओढतात, त्यांच्या पातळ चकत्या कापतात आणि त्यांवर संगणकाच्या चिप घडवितात. तेथे मळसूत्री जिना लागत नाही, कारण वितळलेल्या सिलिकॉनमधून अणूंचा लोंढा येत असतो आणि पृष्ठभाग बराचसा खडबडीत राहतो. बसायला जागाच जागा.

चोख्राल्स्कीला यातले काही पाहायला मिळाले नाही. १९२० च्या दशकाच्या अखेरीस तो राष्ट्राध्यक्षांच्या निमंत्रणावरून बर्लिन सोडून स्वतंत्र पोलंडमध्ये परतला आणि वॉर्सा तंत्रविद्यापीठात प्राध्यापक झाला. जर्मन ताब्याच्या काळात त्याने आपली प्रयोगशाळा चालू ठेवली. युद्ध संपताच, १९४५ मध्ये, शत्रूशी सहकार्य केल्याच्या आरोपावरून त्याला अटक झाली. चौकशीत काही निष्पन्न न झाल्याने तो सुटला, तरी विद्यापीठाने त्याला परत घेतले नाही. तो आपल्या जन्मगावी, क्त्सिनिया येथे गेला आणि सौंदर्यप्रसाधने व घरगुती वापराची रसायने बनविण्याचा लहानसा धंदा करू लागला. १९५३ मध्ये पोलिसांनी त्याच्या घराची झडती घेतली. त्यानंतर हृदयविकाराच्या झटक्याने पोझनानच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला. त्या प्रयोगशाळेच्या आडून त्याने पोलिश भूमिगत सेनेला मदत केली होती, हे दाखविणारी कागदपत्रे पुढे उजेडात आली. २०११ मध्ये विद्यापीठाने त्याच्यावरील बट्टा अधिकृतपणे पुसला. तोवर त्याच्या नावाच्या पद्धतीने ओढलेल्या सिलिकॉनची चकती जवळजवळ प्रत्येक घरात पोहोचली होती.